घड्याळजी चौथ्या सीझनमध्ये येतो

कारखान्यात मला घड्याळजी म्हणतात. मी घड्याळं दुरुस्त करत नाही. एकवीस वर्षं मी चष्म्याच्या काचा घासतो. चाकासमोर उभं राहायचं, काच धरायची, पाणी सोडायचं, नंबर बरोबर येईपर्यंत धरून ठेवायची. ते चाक बसून चालवता येत नाही. ज्याने ते बनवलं त्याला गुडघे नसावेत.

नाव पडलं चार वर्षांपूर्वी. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन आत आलो, तर काचांना रंग देणारा, त्याला आम्ही रंगाऱ्याच म्हणतो, तो म्हणाला, "या या, घड्याळजी."

सगळे हसले. खोलीत आम्ही सहा जण. सहांतले पाच हसले.

"कोण हा घड्याळजी?" मी विचारलं.

"ती हेरांची मालिका आहे ना, त्यात आहे एक. फार सज्जन. मान खाली घालून काम करतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"दिसायला कसा आहे?"

"तुझ्यासारखाच. केस जरा जास्त."

मला नाव आवडलं, हे कबूल करून टाकतो. सतरा वर्षं त्या खोलीत मला टोपणनाव नव्हतं. रंगाऱ्याला होतं, तपासणीच्या म्हाताऱ्याला होतं, मला "ए" म्हणायचे. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. टकल्या म्हटलं असतं तर काय करणार होतात?"

मालिका मात्र मी पाहिली नाही. ते पाचही जण पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना तेच दळण दळायचे. कोण फितूर झाला, कुणाला विष घातलं, कुठली बाई कुणाच्या बाजूची. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचो, "खोटं बघायला मला वेळ नाही." असं म्हटलं की माणूस शहाणा वाटतो. निदान स्वतःला. यथावकाश मालिका संपली, ते तिला विसरले, दुसरं काहीतरी बघायला लागले. माझं नाव राहिलं.

आता शुक्रवारचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दर शुक्रवारी दुपारी साहेब वरून हाक मारायचे, "चष्मा ढिला झालाय रे." मी खिशात बारका स्क्रू ड्रायव्हर घालून जिना चढायचो. साहेब चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे. दोन स्क्रू. एक डावा, एक उजवा. ते पिळायला अर्धं मिनिट लागतं, पण साहेब म्हणायचे, "सावकाश कर. खाली काय म्हणतात?"

मी सांगायचो. हातमोजे फाटलेत, कडा कापणाऱ्या ताईच्या बोटांना चिरा पडल्यात. रंगाऱ्या दुसरीकडे विचारणा करतोय, त्याला शनिवारची पाळी नको झालीय. पंख्याचा पट्टा ओरडतो, तो तुटला तर दोन दिवस काम बंद पडेल असं म्हणतात. साहेब "हं" म्हणायचे. पुढच्या आठवड्यात नवे मोजे यायचे, रंगाऱ्याची पाळी बदलायची, पट्टा बदलायचा.

याला चुगली म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी तिला चुगली म्हणत नव्हतो. मी म्हणायचो, मोजे कुणामुळे आले? खालच्यांना पत्ताही नाही, आणि मी कधी बोलूनही दाखवत नाही. मनाचा मोठेपणा म्हणून मी हे धरून चाललो होतो. साहेबांचा चष्मा दर शुक्रवारीच ढिला कसा होतो, हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नाही. चष्म्याच्या कारखान्यातल्या माणसाला.

मग मी पडलो. चाकाखालचं पाणी फरशीवर येतं, तिथे पाय सरकला. घोटा दोन ठिकाणी मोडला. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "पुढे वर्षभर तरी उभं राहायचं काम नको. बसायचं काम बघा." जणू काही बसायचं काम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

आमच्याकडे बसायचं काम एकच. तपासणीचं टेबल. समोर दिवा, खाली स्टूल. काच दिव्यासमोर धरायची, ओरखडा दिसला तर बाजूला टाकायची. तिथला म्हातारा महिनाअखेर घरी बसणार होता. ते टेबल मिळालं तर मी कामावर, नाही मिळालं तर घरी. इतकं ते सरळ होतं.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. पाय कसा आहे हे त्यांनी एकदाच विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली नाही.

"कामगार खात्याकडून पत्र आलंय. कुणीतरी फोटो पाठवलेत. धुळीच्या पाइपचे. कुणी पाठवले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता नको सांगूस. पाय बरा होऊ दे. परत आलास की वर ये, नाव सांग. टेबल तुझं."

मला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. आणि मला माहीत होतं.

हल्ली काचा म्हणजे बहुतेक प्लॅस्टिक. ताई त्यांच्या कडा कापते. ती वयाने माझ्याहून लहान, पण सगळे ताईच म्हणतात. कड कापताना पिठासारखी धूळ उडते आणि सडक्या कोबीसारखा वास येतो. ती धूळ ओढून बाहेर टाकायला पाइप आहे. होता. वर्षभरापूर्वी भिंतीला गळती लागली तेव्हा साहेबांनी त्याचं बाहेरचं टोक काढून आतच, छताखालच्या फळ्यांमागे सोडलं आणि तोंडाला गोणपाट बांधलं. म्हणजे आमची धूळ आमच्याच डोक्यावर साठते आणि गोणपाट भरलं की परत खाली येते. ताई खोकते. आम्ही सगळेच खोकतो, ती जास्त.

मी पडलो त्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी इतर कुणी आलं नव्हतं तेव्हा, मी दार उघडलं तर ताई स्टुलावर उभी. फळी सरकवलेली, हातात मोबाइल. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "स्टूल धर, हलतंय."

मी धरलं.

तर असं नाव माझ्या खिशात होतं आणि तीन आठवडे घरी बसून काढायचे होते. बायको सकाळी शिवणवर्गाला जायची ती चारला यायची. भिंती बघून झाल्या. मेहुणीला दया आली. तिने तिच्या मालिकांचा पासवर्ड दिला आणि बजावलं, "भावजी, काय हवं ते बघा, पण मी जिथे थांबलेय तिथून काही हलवू नका." मी पहिल्याच दिवशी हलवलं. तिच्या एका लग्नाच्या मालिकेत दोन वर्षं पुढे गेलो आणि परत येता येईना. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

शोधता शोधता ती हेरांची मालिका सापडली. सहा सीझन. मी म्हटलं, बघू तरी आपला घड्याळजी.

पहिल्या सीझनमध्ये घड्याळजी नव्हता. पण मालिका वाईट नव्हती. दोन देशांच्या वकिलाती एकाच रस्त्यावर, समोरासमोर, आणि दिवसभर एकमेकांच्या खिडक्या बघतात. हेर म्हणजे मारामाऱ्या, असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. हेर म्हणजे बाकावर बसून वाट बघणारी माणसं. कागद, चहा, खोकला, पुन्हा कागद. आमच्यासारखंच काम. मी दिवसाला चार भाग बघायला लागलो. बायको घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आज कोण मेलं?"

अडचण एकच. बोलायला कुणी नव्हतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ती भाषांतर करणारी बाई मारली जाते. माझ्याच्याने राहवेना, मी मेहुणीला फोन केला.

"अगं, तिला मारलं!"

"कुणाला?"

"त्या भाषांतरवालीला!"

"अहो भावजी, तिच्यासाठी मी सहा वर्षांपूर्वी रडून घेतलंय. आता मला तिचा चेहराही आठवत नाही. ठेवू?"

लोकांचं दुःख उरकलेलं असतं आणि आपण ताटावर नुकते बसलेलो असतो, तसं ते होतं.

घड्याळजी चौथ्या सीझनच्या दुसऱ्या भागात आला. वकिलातीच्या तळमजल्यावर त्याची खोली. कचेरीतली सगळी घड्याळं त्याच्याकडे. केस खरंच माझ्याहून जास्त होते. मान खाली, डोळ्याला भिंग, कुणाशी वर बोलणं नाही. मी खूश झालो. बायको घरी असती तर तिला दाखवला असता.

मग दर आठवड्याला समोरच्या वकिलातीतला एक करड्या कोटातला अधिकारी त्याच्याकडे यायला लागला. एकच घड्याळ घेऊन. "पुन्हा मागे पडतंय," तो म्हणायचा. घड्याळजी ते उघडायचा. त्यात काही बिघडलेलं नसायचं. तो उगाच एक चाक पुसायचा आणि पुसता पुसता बोलायचा: वरच्या मजल्यावर कोण उशिरा थांबतं, कुणाला कुणाची पत्रं येतात.

मी पडद्याकडे बघत होतो. प्लास्टरमधल्या पायाला खाज सुटली होती आणि मी ती खाजवत नव्हतो.

तिसऱ्या भागात वरच्या मजल्यावरचे लोक एका बंद खोलीत बसलेले असतात. त्यातला तरुण म्हणतो, घड्याळजी आपली माहिती देतोय, त्याला उचलू या. त्यांची प्रमुख म्हातारी आहे, तिला हसू येतं. ती म्हणते, "उचलायचं कशाला? आपण त्याच्यासमोर जे बोलतो ते तो नेमकं पोहोचवतो. एक शब्द गाळत नाही. इतकं भरवशाचं टपाल तुला कुठे मिळणार?"

मी मालिका थांबवली. म्हातारी तोंड उघडं ठेवून पडद्यावर थांबली.

मोजे. त्या दिवशी ताई माझ्या कानाशी येऊन बोटं दाखवत होती. चाक चालू असताना, मुद्दाम मोठ्याने. रंगाऱ्याची शनिवारची पाळी. दुसरीकडे विचारणा करतोय हे त्याने फक्त मला सांगितलं होतं, "तुझ्यातच ठेव" असं म्हणून. गुरुवारी. आता आठवतं तसं, सगळं गुरुवारीच. चार वर्षं गुरुवारी माझ्या कानावर काहीतरी यायचं, शुक्रवारी ते वर जायचं. मी समजत होतो मी त्यांच्या नकळत त्यांचं भलं करतोय. ते पाच जण मला चिठ्ठीसारखं घडी घालून वर पाठवत होते.

आणि नावसुद्धा तोंडावर ठेवलेलं. माझ्यासमोर. मालिका बघितली असती तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. मी न बघण्याची ऐट मिरवत होतो.

राग आला का? आला. आधी त्यांचा, मग साहेबांचा, मग त्या दोन स्क्रूंचा. माझा स्वतःचा यायला दोन दिवस लागले. पुढचे भाग मी पाहिले नाहीत. त्याचं पुढे काय होतं ते कुणी मला सांगू नये.

प्लास्टर निघालं. सोमवारी मी काठी घेऊन कामावर गेलो. सगळ्यांनी पायाची चौकशी केली. रंगाऱ्या म्हणाला, "काय घड्याळजी, घरी बसून काय केलंत?"

"चौथा सीझन बघितला," मी म्हटलं.

खोलीत चाकाचा आवाज होता म्हणून बरं. रंगाऱ्याने कलथ्यासारखा चिमटा रंगाच्या भांड्यात घातला आणि बराच वेळ काढला नाही. एक काच वाया गेली असणार. ताईने मशीन बंद केलं, मला बाहेर नळापाशी घेऊन गेली.

"किती बघितलास?"

"तिसऱ्या भागापर्यंत."

"म्हणजे म्हातारी बोलते तिथपर्यंत." ती नळ सोडून हात धुवायला लागली. हात स्वच्छच होते. "तुला वाईट वाटलं असेल."

"ते राहू दे. साहेबाने नाव मागितलंय. दिलं तर टेबल देतो म्हणालाय. काय सांगू ते सांग."

"मी काय सांगू?"

"चार वर्षं तुम्हीच सांगताय की. आत्ताच काय झालं?"

तिने नळ बंद केला. "हे आम्ही ठरवलेलं नाही, बाबा. हे कुणालाच ठाऊक नाही. फोटो मी काढले, मी पाठवले, आणि तू स्टूल धरलंस."

"माझ्यासमोर कशाला काढलेस मग? मी कोण ते तुला ठाऊक होतं."

"घाईत होते. विसरले."

"विसरलीस?"

"चार वर्षं शेजारी उभा आहेस. विसरतं माणूस." ती खोकली, बराच वेळ. मग म्हणाली, "सांग, नाहीतर नको सांगूस. मी तुझ्या पाया पडणार नाही. पाय आधीच मोडलाय तुझा."

मी जिना चढलो. अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. साहेबांनी सवयीने चष्मा काढून पुढे केला. मी घेतला नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"बोल."

आता ज्याने साडेतीन सीझन हेरगिरी बघितली आहे त्याने "मला माहीत नाही" म्हणायला हवं होतं. तीन शब्द. तिथले शिपाईसुद्धा तेवढं नीट म्हणतात. मी म्हटलं, "सांगणार नाही."

साहेब उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले. चष्म्याशिवाय त्यांना मी धुरकट दिसत असणार. "सांगणार नाहीस. म्हणजे तुला माहीत आहे."

माझी चूक मला तिथेच कळली. "आहे," मी म्हटलं. आता मागे येण्यात अर्थ नव्हता.

"मग चाकावर जा. उभा राहा. किती दिवस राहतोस बघू."

तपासणीचं टेबल रिकामं झालं ते रिकामंच ठेवलं. त्यावर दिवासुद्धा चालू ठेवायचे, मला दिसावं म्हणून. म्हाताऱ्याचं काम थोडं थोडं सगळ्यांत वाटून दिलं. मी चाकावर. एक पाय जमिनीवर, दुसरा उलट्या बादलीवर. साहेब रोज सकाळी खाली यायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "सांगतोस?"

"नाही."

ताई माझ्यापासून चार हातांवर असते. तिला रोज ऐकू यायचं. ती कड कापत राहायची. मला वाटलं होतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती मशीन बंद करून म्हणेल, मी काढले. नाही म्हणाली. म्हणायला ती काय वेडी आहे? घरी दोन मुलं, सासरे अंथरुणावर. तरी मी वाट बघत होतो हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. रंगाऱ्याने एकदा काही न बोलता बादलीवर जुनी उशी आणून ठेवली. तेवढंच. त्या दिवसांत माझ्यासमोर कुणी काही बोलेना. खोटं नाही, खरंही नाही. गुरुवार इतका शांत गेला की मला आधीचे गुरुवार आठवले.

नवव्या दिवशी कामगार खात्याची बाई आली. पन्नाशीची, पाठीला पिशवी, हातात वही. साहेबांनी तिला खाली आणलं. फळीमागचा पाइप दोन दिवसांपूर्वी पुन्हा बाहेर काढला होता, भिंतीवर ओला चुना. बाईने तो बघितला, बोट लावून बघितलं. मग आलेले फोटो पिशवीतून बाहेर काढले.

"हे इथलेच का?"

"कुठलेही असतील," साहेब म्हणाले. "अशा फळ्या सगळीकडे असतात."

बाईने आमच्याकडे बघितलं. "नुसत्या फोटोवर मी काही लिहू शकत नाही. इथे काम करणाऱ्या कुणीतरी नाव देऊन सांगायला हवं. सांगतंय का कुणी?"

सहा जणांनी आपापल्या काचा बघितल्या. म्हातारा गेल्यावर शिकाऊ म्हणून घेतलेली मुलगीसुद्धा आपली काच बघत होती, आणि तिला तर काही माहीतही नव्हतं. बाईने पेनाचं टोपण लावायला घेतलं. ती गेली असती तर साहेब आधी मला हाकलणार होते, मग सावकाश एकेकाकडे बघत ताईपर्यंत पोहोचणार होते. पाइप आठवड्याभरात परत आत. हे मला दिसत होतं, आणि पाय ठणकत होता.

"मी सांगतो," मी म्हटलं.

"याचं ऐकू नका," साहेब म्हणाले. "हा दोन महिने घरी होता पाय मोडून. याला काय ठाऊक?"

"पाय इथेच मोडला," मी म्हटलं. "ते पण लिहून घ्या." आणि माझं स्वतःचं नाव सांगितलं.

मग मी सांगत गेलो. गोणपाट किती दिवसांनी भरतं, कोण रिकामं करतं, करताना तोंडाला काय बांधतं. कोण किती खोकतं, कुणाला डॉक्टरने काय सांगितलं. सांगायची मला चार वर्षांची सवय. मी एक शब्द गाळत नाही. फरक इतकाच की या वेळी साहेब शेजारी उभे होते आणि सगळी खोली ऐकत होती. बाई भरभर लिहीत होती. एकदा थांबून म्हणाली, "तुमची स्मरणशक्ती चांगली आहे." मी म्हटलं, "हो, वापरात आहे."

"पाइप आत घेतला तो दिवस आठवतो?"

"मागच्या वर्षी, गळती लागली त्या आठवड्यात. मंगळवार."

चार हातांवरचं मशीन बंद झालं.

"मंगळवार नव्हता," ताई म्हणाली. साहेबांकडे तिने बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होती, चिडून, चुकीचा नंबर घासला की बघते तशी. "मंगळवारी वीज नव्हती, आपण सगळे घरी. बुधवार होता. मी इथेच होते."

बाईने पान उलटलं. "तुमचं नाव?"

ताईने हात पुसले आणि पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. बाईने ते लिहून घेतलं, मग पान मागे घेऊन पेन माझ्याकडे रोखलं.

"मग बुधवार लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "तिला आठवतंय."